गाडीचा डोळा आणि झेंडूचा हार

एकदा आमचे हे देवळातून घरी आले ते एकाच चपलेनं. उजव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी गळून पडली होती आणि ह्यांना त्याचा पत्ताच नव्हता. साखरेच्या आजारानं पाय बधिर होत चालला होता. मी हबकले, कारण त्याच पायानं हे गाडीचा ब्रेक दाबायचे. आमच्या सर्वण गावाहून डिचोलीच्या बाजाराला, सणाला माझ्या माहेरी कोरगावला, सगळीकडे हेच न्यायचे. मला गाडी येत नाही.

आता चालवणं सोडा, असं मी किती वेळा विनवलं. सोडतील तर शपथ. उलट डिचोलीच्या एका गॅरेजात जाऊन आमच्या जुन्या गाडीला नवं यंत्र बसवून आले. पुढच्या जाळीमागे रडार. पुढची गाडी जवळ आली की ते आपणहून वेग कमी करतं, वेळ पडली तर ब्रेकही लावतं. गॅरेजवाला कोल्हापूरकडचा. "जाळीवर काय बांधू नका बघा. ह्याचा डोळा तिथंच हाय," असं त्यानं बजावलं. ह्यांनी मान डोलावली.

खरं सांगायचं तर यंत्र काम करायचं. पुढचा ट्रक थांबला की आमची गाडी थांबायची आणि हे माझ्याकडे वर्गात पहिला नंबर आल्यासारखे बघायचे. मला मात्र घाम फुटायचा. बधिर पायाचं काम एका डबीवर सोपवून हा माणूस निवांत बसतो, याचा रागही यायचा आणि भीती तर त्याहून जास्त.

दसऱ्याला ह्यांनी गाडी धुतली, पूजा केली आणि दरवर्षीसारखा आंब्याची पानं ओवलेला झेंडूचा जाडजूड हार जाळीवर बांधला. मी हळदकुंकू लावलं. पूजेचा हार म्हणजे 'काही बांधणं' असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

सोनं द्यायला आम्ही सुर्ल्याला नणंदेकडे निघालो. पुढे खनिजाचा ट्रक होता, त्यालाही हार घातलेला. वळणावर तो थांबला. आमची गाडी थांबेना. मी म्हटलं, "अहो, ब्रेक."

"भियेनाका, आपशीच थांबतली," हे म्हणाले. गाडी आपणहून थांबेल, याची ह्यांना खात्रीच.

ट्रकचं मागचं फळकूट काचेभर झालं. तेव्हा ह्यांचा चेहरा पांढरा पडला, गुडघा ताठ झाला, तरी गाडी तशीच चाललेली. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. ह्यांनी गाडी गटाराकडे वळवली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ट्रकच्या चाकाशेजारी आम्ही थांबलो.

मी खाली पाहिलं. ह्यांचा उजवा पाय सगळा जोर लावून दाबलेला होता. ब्रेकवर नव्हे, ब्रेकशेजारच्या रबरी चटईवर.

हेही बघत होते. म्हणाले, "पाय दामलो हांवें. पूण खंय दामलो तें कळूंक ना." पाय दाबला होता, पण कुठे, ते ह्यांना कळलंच नव्हतं.

मग त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. इतकी वर्षं मी हेच मागत होते. मागे ट्रकांची रांग लागून हॉर्न वाजू लागले, आणि मी किल्ली धरून तशीच बसून राहिले.