पान एकशे चौदा

यादीबाईंची चूक काढणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं त्या संस्थेत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे म्हणत. म्हणत म्हणजे कौतुकानेच असं नाही. ज्याला त्याला बाईंनी कधी ना कधी पकडलेलं होतं. एका प्राध्यापकाने स्वतःच्याच न लिहिलेल्या लेखाचा दाखला दिला होता, बाईंनी त्याला भर व्हरांड्यात विचारलं, "सर, तो लेख वाचायला द्या ना, तुम्ही कधी लिहिणार आहात?" त्या दिवसापासून ते गृहस्थ ग्रंथालयाच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायचेच काय ते बाकी होते.

संस्था पर्यावरणाच्या अर्थकारणावर अभ्यास करणारी. म्हणजे झाड तोडलं तर किती रुपयांचं नुकसान, नदी नासली तर कोणी भरायचं, असल्या प्रश्नांवर लेख लिहिणारी माणसं तिथे मजल्यामजल्यावर बसलेली. बाईंचं काम त्या लेखांची यादी करण्याचं. पोस्टकार्डापेक्षा लहान एक जाड कार्ड; वर लेखकाचं नाव, मासिक, अंक, पान, आणि खाली दोन ओळींत लेखाचा निष्कर्ष. या कार्डांवरून दर वर्षी एक सूची छापली जाई आणि ती शंभरएक ठिकाणी जाई. शिवाय वर्षाअखेर प्रभाव अहवाल: कोणत्या लेखाचा दाखला किती जणांनी दिला, कोणता विषय वर आला, कोणता बुडाला.

विद्वानांच्या विषयांना फॅशन नसते असं ज्याला वाटतं, त्याने बाईंचे एकतीस वर्षांचे अहवाल चाळावेत. पँटच्या मोहरीसारखे विषय रुंद होतात आणि अरुंद होतात. एक काळ सगळे जंगलाची किंमत काढत होते. मग सगळे धुराच्या परवान्यांची खरेदी-विक्री करायला धावले. आणि गेली दहा-बारा वर्षं एकच टूम: घाण करणाऱ्यावर बंदी घालू नका, त्याच्याकडून शुल्क घ्या, तो आपोआप सुधारतो. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने त्याचा दाखला द्यायचा, मग पहिल्याने दुसऱ्याचा. अहो रूपम्, अहो ध्वनिः!

तर बाईंच्या निवृत्तीला आठ दिवस राहिले होते. गुरुवार होता. दुपारी तीन वाजता संस्थेच्या सभागृहात सरकारी समिती बसणार होती. शहराला पाणी देणाऱ्या तळ्याकाठी रंगाचे कारखाने आहेत. त्यांना सांडपाणी तळ्यात सोडायला बंदी होती. ती उठवून शुल्क लावायचं, यावर त्या दिवशी सही-शिक्का व्हायचा होता. आधार होता प्रभाव अहवालाच्या पहिल्याच पानावरचा लेख. दुसऱ्या एका तळ्यावर केलेला अभ्यास, एकोणीस वर्षांपूर्वीचा. आजवर दोनशे बारा जणांनी दाखला दिलेला. या विषयात एवढा प्रभाव दुसऱ्या कोणत्याच लेखाचा नव्हता.

सकाळी घरून निघताना धाकट्या भावाने टोकलं होतं. तो त्याच तळ्याच्या पंपघरात नोकरीला. "ताई, तुझे विद्वान कधी तळं बघायला येतात का गं?"

"त्यांना तळं कागदावर दिसतं."

"कागदाला वास येत नाही ना, म्हणून."

बाई हसून बाहेर पडल्या होत्या.

साडेदहाला आलेखवाली आली. ही संस्थेतली नवी मुलगी. बाईंच्या आकड्यांवरून संगणकावर रंगीत फुगे काढायची. जितके दाखले जास्त तितका फुगा मोठा.

"बाई, माझं काहीतरी चुकतंय. एकाच लेखाचे दोन फुगे येतायत."

"कोणत्या?"

"त्याच. तळ्याच्या. एकशे अठ्ठ्याऐंशी जणांनी पान एकशे चौदा दिलंय. चोवीस जणांनी पुढच्या अंकातलं पान सत्तावीस दिलंय. मशीनला वाटतंय दोन वेगळे लेख आहेत."

"मग एकशे अठ्ठ्याऐंशी जण एकमेकांची वही बघून उतरवतायत," बाई म्हणाल्या. "नवल नाही. पळसाला पानं तीनच. तू तळघरातून त्या वर्षाचे बांधलेले अंक घेऊन ये. खरं पान कोणतं, आणि पहिली कॉपी कोणी केली ते बघू. आज एकाची तरी गंमत करू जाता जाता."

मुलगी गेली. बाईंनी कार्डांचा खण ओढला. गंमत करायचीच होती, तर हिशेबाने करावी म्हणून त्यांनी आपलं कार्ड आधी काढलं.

हिरवी शाई. स्वतःचं अक्षर. पान ११४. निष्कर्ष: 'शुल्क लावल्यावर दोन वर्षांत तळ्यातली घाण निम्म्यावर आली. शुल्क परिणामकारक.' आणि कोपऱ्यात, पेन्सिलीने, बारीक: 'पूर्वसूचनेवरून. पूर्ण लेख आल्यावर बदलणे.'

बाई खुर्चीत बसल्या.

सगळं आठवलं. मासिकाने पुढच्या अंकात येणाऱ्या लेखाची आठ ओळींची आगाऊ सूचना छापली होती, एकशे चौदा पानावर. सूची छापखान्यात जायची घाई होती, म्हणून बाईंनी त्या आठ ओळींवरूनच कार्ड केलं. पूर्ण लेख आला की बदलू. तो अंक आला तेव्हा आई दवाखान्यात होती. बाई महिनाभर रजेवर. परत आल्या त्या आईशिवाय. कार्ड राहिलं ते राहिलंच. पेन्सिलीची खूण सूचीत छापली गेली नाही. हिरवी शाई तेवढी छापली गेली, शंभर ठिकाणी गेली, आणि पुढे संगणकावर चढली.

जिन्यात पावलं वाजली. मुलगी धुळीने माखून, दोन जाड खंड पोटाशी धरून आत आली. बाईंनी कार्ड पालथं घातलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "पान सत्तावीसपासून. शेवटच्या कोष्टकापर्यंत. मोठ्याने."

मुलगी वाचत गेली. पहिलं वर्ष, घाण कमी. दुसरं वर्ष, निम्म्यावर. मग पान उलटलं आणि तिचा आवाज अडखळला. तिसऱ्या वर्षी घाण पूर्वीइतकी. चौथ्या वर्षी दुप्पट. कारखानदारांना शुल्काची सवय झाली. पैसे भरले की घाण सोडायचा हक्कच मिळाला, असं त्यांनी धरलं; पूर्वी लपूनछपून रात्री सोडत, ते आता पावती खिशात घालून दिवसा सोडू लागले. लेखकाने स्वच्छ लिहिलं होतं: पिण्याच्या पाण्यावर हा प्रयोग करू नये.

"बाई, हे तर उलटंच आहे!"

"त्या चोवीस जणांनी काय लिहिलंय बघ."

मुलीने पाहिलं. चोवीसच्या चोवीस शुल्काच्या विरुद्ध. त्यांनी लेख वाचला होता, आणि ते बिचारे कोपऱ्यातल्या लिंबाएवढ्या फुग्यात बसले होते. मोठा फुगा भोपळ्याएवढा.

"पण मग पहिली चूक कोणाची?" मुलीने विचारलं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा. "तू जरा चहा घेऊन ये," त्या म्हणाल्या.

दार लागलं. खणात पेन्सिली, टाचण्या, आणि एक पांढरा खोडरबर होता. काय आहे, पेन्सिल पुसली तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. कार्ड आठ ओळींशी प्रामाणिकच होतं. चूक मासिकाची, आगाऊ सूचनेची, न वाचणाऱ्या एकशे अठ्ठ्याऐंशी शहाण्यांची. 'बदलणे' हे शब्द उरले तरच चूक बाईंची. एकतीस वर्षांचं नाव पेन्सिलीच्या त्या दीड इंचाच्या ओळीवर टांगलं होतं. खोडरबर हातात घेऊन त्या किती वेळ बसल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि फोन उचलला.

मूळ लेखक हयात होते, निवृत्त होते. बाईंनी सगळं सांगितलं.

"बाई, पहिली पाच वर्षं मी पत्रं लिहिली हो. मासिकांना, मंडळींना. लेख वाचा, शेवट वाचा. उत्तर नाही. सहाव्या वर्षी त्याच लेखाबद्दल मला पदक मिळालं. मानपत्रात सगळं उलटं लिहिलेलं. समोर सूनबाई, नातवंडं बसलेली. गळ्यात हार पडल्यावर मान हलवता येत नाही."

"आज तीन वाजता या. स्वतः सांगा."

"मला यात ओढू नका," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

एक वाजता बाई मोठ्या सरांच्या खोलीत उभ्या होत्या. मोठे सर म्हणजे संचालक. या शुल्काच्या लाटेवर स्वार होऊनच त्या खुर्चीपर्यंत पोचलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

"बाई, दाखले किती?"

"दोनशे बारा."

"मोजणी बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग अहवाल बरोबर आहे. अहवाल प्रभावाचा आहे. या लेखाचा प्रभाव पडलाय की नाही?"

"पडलाय, पण लेखात—"

"तुम्हाला मोजायला ठेवलंय, वाचायला नाही." सरांनी मोजणी बरोबर असल्याची सही करायचा कागद पुढे सरकवला. "आठ दिवसांनी तुमचा निरोप समारंभ. माझं भाषण तयार आहे. पहिलंच वाक्य आहे, एकतीस वर्षांत एकही चूक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. उघडून काय मिळणार? दोनशे बारा माणसं चूक आणि तुमचं एक कार्ड बरोबर?"

"नाही सर," बाई म्हणाल्या. "दोनशे बारातली एकशे अठ्ठ्याऐंशी चूक, आणि माझं कार्डही चूक."

तरी त्यांनी सही केली. मोजणी खरीच होती. सर हसले, त्यांना वाटलं, जिंकलो.

आता प्रत्येक संस्थेचा एकेक रिवाज असतो. या संस्थेत समितीपुढे ठेवायच्या प्रती ग्रंथालयातून लावून जायच्या, संचालकांच्या टेबलावरून नाही. अडीच वाजता बाई प्रती काढायच्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या. अकरा सदस्य, अकरा प्रती. प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानामागे दोन कागद टाचले: शेवटचं कोष्टक, आणि कार्ड. पेन्सिल फिकट होती, प्रतीत उमटत नव्हती. बाईंनी यंत्राचा काळेपणा वाढवला. पुन्हा वाढवला. तिसऱ्या खेपेला 'बदलणे' ठसठशीत उमटलं.

आलेखवाली शेजारी उभी होती. तिने वाचलं. "बाई... हे अक्षर—"

"टाचण्या दे."

तीन वाजता सभागृह भरलं. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त इंजिनियर बाई होत्या, जाड काचांचा चष्मा, कमी बोलणाऱ्या. मोठे सर उभे राहून प्रभाव समजावून सांगू लागले. मागे पडद्यावर तो भोपळ्याएवढा फुगा. यादीबाई भिंतीला टेकून उभ्या. अध्यक्षांनी पहिलं पान उलटलं. थांबल्या. मागचं कोष्टक पाहिलं, कार्ड पाहिलं, पुन्हा कोष्टक पाहिलं. सर बोलतच होते.

"एक मिनिट. हा मूळ लेख शेवटपर्यंत वाचलेल्यांनी हात वर करा बघू."

सभागृहात बावीस पदव्या तरी बसल्या असतील. हात कोणाचा हलला नाही. कोणी पेनाचं टोपण काढलं, कोणी घातलं. मग भिंतीपाशी एक हात वर गेला. त्याच्या शेजारी आलेखवालीचा.

"तुम्ही कधी वाचलात?" अध्यक्षांनी बाईंना विचारलं.

"आज सकाळी."

"आणि हे कार्ड कोणाचं?"

मोठ्या सरांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत धाकही होता आणि विनवणीही. बाईंनी एवढंच म्हणायचं होतं: जुनं कार्ड आहे, कोणाचं ते ठाऊक नाही.

"माझं," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांपूर्वी बदलायचं होतं. मी बदललं नाही. या सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांनी ठेवायला नको होता, ती त्यांची चूक. पण आधी माझी."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बंदी आहे तशी राहील, त्या म्हणाल्या. चोवीस जणांचे लेख आधी वाचू, मग बोलू. पडदा बंद करायला कोणालाच सुचलं नाही, त्यामुळे फुगा संध्याकाळपर्यंत भिंतीवर तसाच.

बातमी बाईंच्या आधी घरी पोचली. पंपघरातल्या लोकांचे कान लांब असतात. दार उघडताच भाऊ म्हणाला, "ताई, ऐकलं ते खरं? तुझी चूक सापडली म्हणे."

"सापडली नाही रे. मी काढून दिली," बाई म्हणाल्या, आणि पाणी प्यायला आत गेल्या.

निरोप समारंभात मोठ्या सरांच्या भाषणातलं पहिलं वाक्य गायब होतं, दुसऱ्यापासून सुरुवात झाली. ज्यांच्या चुका बाईंनी आयुष्यभर काढल्या, ते सगळे झाडून आले होते. एवढी गर्दी त्या सभागृहात अभ्यासासाठी कधी झाली नव्हती. चपला हातात घ्यायचेच बाकी असलेले ते प्राध्यापक पुढे होऊन म्हणाले, "बाई, आज तुम्ही आमच्यात आलात."

"आले नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून होते. तुम्ही वाचलं नव्हतंत."

खण आलेखवालीच्या ताब्यात देण्यापूर्वी बाईंनी नवं कार्ड केलं. पूर्ण लेख समोर उघडा ठेवून, शेवटच्या कोष्टकापर्यंत, हिरव्या शाईने. जुनं फेकलं नाही. नव्याच्या मागेच लावून ठेवलं, पेन्सिलीसकट. खोडरबर मात्र त्या घरी घेऊन गेल्या.