मोडकाकांच्या उभ्या पट्ट्या

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मोडकाका म्हणायचे, कारण एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: वस्तू मोडायच्या आणि किती जोर लागला ते लिहून ठेवायचं. लोखंडी कांब असो, प्लास्टिकची पट्टी असो, यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. घरी मात्र त्यांच्या हातून कधी कपाचा कानही उडाला नाही. काकू म्हणायच्या, “हौस तिकडेच फिटते ना यांची!”

मी तिथे रुजू झाले ती धातू छापणाऱ्या नव्या यंत्रावर. पिठासारखी धातूची भुकटी पातळ पसरायची, हवी तिथे लेझरने वितळवायची, मग त्यावर पुढचा थर. असे हजारो थर चढले की अख्खा भाग तयार. आमचं पहिलं मोठं काम होतं कृत्रिम पायाच्या गुडघ्याचा सांधा. तो एका शिक्षिकेला बसवायचा होता. अपघातानंतर दोन वर्षं ती कुबड्यांवर होती, आणि आम्ही तिला तारीखही देऊन बसलो होतो.

चाचणीसाठी मी त्याच भुकटीच्या सहा पट्ट्या छापल्या. मोडकाकांनी त्या ओढल्या. छान ताणल्या गेल्या, मग ठणकन तुटल्या. आकडे अपेक्षेपेक्षा चांगले आले. मी मोठ्या ऐटीत अहवाल सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला.

“पट्ट्या आडव्या छापल्यास ना?” त्यांनी विचारलं.

“हो. लवकर होतात.”

“आणि सांधा?”

“तो उभा.”

“मग पट्ट्याही उभ्या छापून आण.”

माझं डोकं फिरलं. “काका, भुकटी तीच, लेझर तोच, यंत्र तेच. फरक काय पडणार?”

“अगं, चिकटवलेल्या कागदांचा गठ्ठा लांबीकडून ओढून कुणी फाडलाय का? पण कागद कागदापासून सोडवायचा म्हटला तर नखसुद्धा पुरतं. उभी पट्टी ओढली की थर थरापासून सुटू बघतो. तुझा थर थराला किती चिकटलाय, ते आपण कुठे पाहिलंय?”

प्रकरण आमच्या विभागाच्या साहेबांपर्यंत गेलं. ते वैतागले. “हे ताकही फुंकूनच पिणार!” पण सहीशिवाय काही हलेना. उभ्या पट्ट्या छापायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत चहाला मोडकाकांच्या टेबलावर कुणी बसलं नाही. मीसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी पहिली उभी पट्टी जबड्यांत चढली. ती ताणलीच नाही. बारीकसं ‘कट्’ झालं आणि दोन तुकडे. जोर आधीच्या निम्मा. दुसरी तशीच, तिसरीही तशीच.   तुटलेला तुकडा भिंगाखाली ठेवून काका बाजूला सरकले. मी वाकून पाहिलं. दोन थरांच्या मधे न वितळलेले गोल दाणे जसेच्या तसे बसले होते. मला डोळ्यांपुढे ती शिक्षिका शाळेचा जिना उतरताना दिसली.

“डोळे पूस,” काका म्हणाले. “यंत्रात मोडलं. जिन्यावर नाही मोडलं.”

शिक्षिकेला दिलेली तारीख पुढे ढकलली. ते सात आठवडे मी जन्मात विसरणार नाही. मी थर आणखी पातळ करायचे, लेझरचा वेग बदलायचे, सांधा वेगळ्या कलाने छापून बघायचे, आणि काका मोडायचे. उभं, आडवं, तिरपं. मधे डबा उघडून दोघं त्याच टेबलावर जेवायचो. एका दुपारी उभी पट्टीही आडवीसारखीच ताणत गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली. शिक्षिका आमच्या व्हरांड्यात चालून दाखवायला आली, तेव्हा हे गृहस्थ मात्र हात धुवायच्या निमित्ताने आत गायब!

आता ते निवृत्त आहेत. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलंय, मोडण्याचं काम काचेच्या दाराआड आपोआप होतं. सोयीचं आहे, पण त्या टेबलाची सर नाही. मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले होते. बोलता बोलता विचारलं, “काका, तुम्हाला तेव्हा इतकी खात्री कशी होती?”

“खात्री?” ते हसले. “अगं, त्या चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पट्ट्या चांगल्या निघाल्या असत्या, तर तोंड कुठे दाखवलं असतं मी?”