खोबरेलाची फोडणी

वेंगुर्ल्यातली ती दोन जावांची केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि मी वेंगुर्ले ठाण्यात फौजदार होतो. काजूच्या कारखान्यांत आंबोली घाटावरून, आजऱ्याकडून बायका हंगामापुरत्या येत. कारखान्यामागे झावळ्यांच्या खोपटांत राहत आणि दिवसभर काजू भाजत, फोडत.

एका दुपारी एका कारखान्याचा मुकादम स्वतः वर्दी घेऊन आला. दोन सख्ख्या जावा चुलीपाशी भांडल्या आणि थोरलीने कढईतलं फोडणीचं तेल धाकटीच्या तोंडावर उडवलं, असं त्याचं म्हणणं. धाकटी दवाखान्यात होती. तोंडभर पट्ट्या, एक डोळा जाण्याच्या बेतात. हवालदाराने विचारलं तेव्हा ती एवढंच पुटपुटली, "तेल उडलं." थोरलीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. खोपटाचा पंचनामा केला. तेल म्हणून एक खोबरेलाची वाटी सापडली. ती लाखेने सील होऊन मुद्देमालात जमा झाली.

हवालदार मालवणकडचा, पोटात काही न ठेवणारा माणूस. "जावांचा भांडान आसा, सायबानू," तो म्हणाला. "हेच्यात तपास कसलो करूचो?" ठाण्यात सगळ्यांनाच ते पटलं होतं. जावा भांडल्या म्हटलं की पुरावा मागायला कोणी थांबत नाही.

बायकांसाठी आमच्याकडे वेगळी कोठडी नव्हती. थोरलीला पोलीस लायनीत हवालदाराच्या पडवीवर, त्याच्या बायकोच्या नजरेखाली बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी हवालदार फणफणत माझ्याकडे आला. त्याच्या बायकोने आपल्यातलंच जेवण वाढलं, तर हिने पहिल्याच घासाला ताट बाजूला सारलं.

"खोबरेलाची फोडणी घशाखाली उतरत नाय म्हणता. ही आरोपी आसा की वरमाय?"

मी हसलो आणि हसता हसता थांबलो. आम्हा किनाऱ्यावरच्या घरांत खोबरेल फोडणीला चालतं, म्हणून ती वाटी पाहून कोणालाच काही खटकलं नव्हतं. घाटावरच्या माणसांना जेवणात त्याचा वाससुद्धा खपत नाही. आणि खोपटात दुसरं तेल नव्हतं. मग कढईत तापलं काय?

थोरलीला समोर बसवलं, वाटी दाखवली आणि हे तेल कशाला लागतं ते विचारलं. तिने दोन्ही तळहात उघडून माझ्यापुढे धरले. कातडं काळं पडलेलं, जागोजागी सोललेलं, बोटांच्या पेरांत भेगा. काजूच्या टरफलातलं तेल काय करतं हे मला माहीत होतं; लहानपणी ओल्या काजूने माझेही ओठ भाजले होते. या बायका रोज हाताला खोबरेल चोळून त्या तेलात काम करत. धाकटी म्हणाली होती ते हेच टरफलातलं तेल.

तडक दवाखाना गाठला. धाकटीचं लुगडं अजून गाठोड्यात होतं. खांद्यावर काळे डाग, त्याला भट्टीच्या धुराचा वास. डॉक्टरांना खरं कारण कळताच त्यांनी जखमेतला चिकटा पुन्हा धुऊन काढला आणि औषध बदललं. मग धाकटीने जबाब दिला. काजू भाजायच्या पिंपातून तडतडून तेल उडालं होतं. कारखान्याचं नाव निघालं तर सगळ्या बायकांची घाटावर रवानगी करीन, असा दम मुकादमाने भरला होता आणि भांडणाची गोष्ट त्यानेच रचली होती.

तुरुंगात जायची तयारी होती का, असं मी थोरलीला विचारलं.

"म्या एकलीनं जायाचं, न्हाईतर समद्याजणींनी उपाशी मरायचं," ती म्हणाली. "मग काय वंगाळ केलं, सायेब?"

खोट्या वर्दीबद्दल मुकादमावर कारवाई केली. मालकाला बोलावून सांगितलं की यातल्या एकाही बाईला कामावरून काढलं तर गाठ माझ्याशी आहे. कारखाना तपासनीस येऊन गेले, पिंपापुढे पत्र्याचा आडोसा उभा राहिला. हातमोजे मात्र माझी बदली होईपर्यंत आले नाहीत. धाकटीचा डोळा वाचला.

जे ऐकताक्षणी पटतं ते दोनदा तपासावं, हे मी त्या केसमध्ये शिकलो आणि पुढे हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं. नोकरीत मी सराईत गुन्हेगार पुष्कळ पाहिले. चौकशीला बसवलं की ते सख्ख्या भावावर ढकलून मोकळे होत. या बाईने न केलेला गुन्हा नुसतं गप्प बसून अंगावर घेतला होता. इतकी हिंमत मी वर्दीतल्या माणसांतही क्वचित पाहिली.

तिला सोडताना मी विचारलं, काही मागणं आहे का. मला वाटलं, मुकादमाबद्दल काही बोलेल.

"ती वाटी तेवढी द्या, सायेब. उद्या कामावर जायाचं हाय."

लाखेचं सील मी माझ्या हाताने फोडलं.