पश्चिमेची खोली

“पश्चिमेला अडगळीची खोली ठेवा, ऊन तिने सोसावं, माणसांनी नाही,” असं गवंडीबाबा प्रत्येक घरमालकाला बजावत. त्यांनी बांधलेल्या घरांत भर उन्हाळ्यातही पंखा लागत नसे. स्वतःच्या घरात तर त्यांनी जीव ओतला होता.

त्यांची बायको वारल्यावर मुलाने बाबांची गार खोली आपल्या लेकीला अभ्यासाला दिली आणि त्यांची खाट अडगळीत नेऊन टाकली.

“अरे, दुपारी तिथे भट्टी होते. मी मुद्दाम खिडकीसुद्धा ठेवली नाही,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्हीच सांगत आलात ना, अडगळ पश्चिमेला ठेवा म्हणून?” मुलगा म्हणाला. सून खुदकन हसली.

बाबांनी अडगळीच्या खोलीत जाऊन भिंतीला तळवा लावून पाहिला. मग डब्यांमागची आपली गवंडीकामाची जुनी थापी उचलली आणि ते घराबाहेर पडले.