जहाज निघून गेल्यावर

नाशिकच्या महामार्ग स्टँडवर नानांनी माझी बॅग एका झटक्यात खांद्यावर घेतली. नाना म्हणजे माझे वडील. देवळाली कॅम्पातल्या एका गॅस एजन्सीत ते सिलिंडर पोचवायचे, त्यामुळे ओझं उचलायची त्यांची तीच एक तऱ्हा होती. मी अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून कोकण किनाऱ्यावर, नव्या तरंगत्या गॅस टर्मिनलच्या कामावर चाललो होतो. नाना भेटेल त्याला सांगत होते, ‘पोरगाही गॅसच्याच लाइनीत चाललाय.’ गाडी सुटताना मात्र खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, ‘कॅम्पातले बदलीवाले जवान लय बघितले मी. जाताना सगळे म्हणतात, परत येऊ. तू तसलं काही बोलू नको. नुसता जा.’

नाशिकच्या तुम्हा दोस्तांपैकी जे तिथेच राहिले, त्यांनी मला फोनवर किती वेळा विचारलंय, की तरंगतं टर्मिनल म्हणजे नक्की काय? नानांना सांगितलं होतं तसंच सांगतो. परदेशात गॅस इतका गार करतात की त्याचं पाणी होतं. ते जहाजातून आणायचं. आपल्या किनाऱ्याला दुसरं एक मोठं जहाज कायमचं बांधून ठेवायचं. ते जहाज त्या पाण्याला ऊब देऊन पुन्हा गॅस करतं आणि पाइपातून जमिनीवर सोडतं. आमचं काम त्या जहाजासाठी जेट्टी आणि पाइपलाइन उभी करायचं.

नाशिकला लोखंडी फाटक एकदा रंगवलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. इथे खाऱ्या वाऱ्यात सायकल एका पावसाळ्यात गंजते. पंचवटीच्या भाजीबाजारात मेथीची प्रत्येक जुडी हुंगून घेणारी माझी बायको मेधा इथे मासळीचे भाव करायला शिकली. आमच्या मुलीचा, ओवीचा, जन्म इथलाच. शिफ्ट, टग, व्हॉल्व्ह हे शब्द ती बोबडं बोलत असल्यापासूनचे.

जेट्टीसाठी खाडीचं तोंड खोल खणलं, तेव्हा कोळीवाड्यातल्या लोकांची मासेमारीची जागा गेली. त्यातले पांडू तांडेल पुढे आमच्याच दोरखंडांच्या बोटीवर कामाला लागले. जहाजाचे दोर जेट्टीपर्यंत आणून द्यायचे, हे त्यांचं काम. जहाज येईपर्यंत कितीतरी मुहूर्त हुकले. कधी वादळ, कधी परवानगी, कधी पैसे अडले. अखेर एका सकाळी ते आलं. नाना मुद्दाम देवळालीहून आले होते. जेट्टीवर त्यांना सोडता येत नव्हतं, म्हणून तांडेलांच्या अंगणातून त्यांनी ते पाहिलं. मग म्हणाले, ‘एवढं सिलिंडर कोण उचलायचं रे?’ तांडेल इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच वर्षीच्या थंडीत नाना गेले. झोपेतच. पहिला गॅस पाइपात सोडायचे दिवस होते. निरोप मिळताच निघालो, तरी घाटात गाडी अडकली. पोचलो तेव्हा धाकटे काका अंत्यसंस्कार उरकून अमरधामहून परतत होते. नाना राहायचे ती खोली एजन्सीची होती. तेरावा झाल्यावर ती नव्या माणसाला दिली. नंतर एकदा गेलो, तर त्याच्या बायकोने मला दारातच पाणी दिलं आणि विचारलं, ‘कुणाकडे आलात?’

जहाजही फार दिवस टिकलं नाही. परदेशात कुठेतरी गॅसची ओढाताण सुरू झाली, भाव चढले. त्या भावाने इथे गॅस घ्यायला कुणी तयार होईना. जहाज भाड्याचं होतं. मालकाला दुसऱ्या देशाने जास्त भाडं देऊ केलं. सोडण्याचं काम माझ्या शिफ्टला आलं. पाइपांचे लांब हात आम्ही जहाजापासून वेगळे केले. एकेक दोर हुकातून सुटून पाण्यात पडत गेला. टग बोटीने ते जहाज हळूहळू ओढत नेलं. तांडेल बोटीतून वर आले आणि म्हणाले, ‘सायब, ह्ये तर गेलं. आमचा मासा काय आता परत येनार नाय.’

दुसरं जहाज येईल असं वरून सांगत राहिले. मग सांगणंही बंद झालं. कॉलनीतली बिऱ्हाडं एकामागून एक हलली; कुणी कतारला गेलं, कुणी गुजरातेत. जेट्टीची देखभाल करायला आम्ही चौघे ठेवलेत. ज्या पाइपांतून काही जात नाही, त्यांचा गंज खरवडायचा आणि रंग द्यायचा. पावसाळा संपला की पुन्हा पहिल्यापासून. नाशिकला परतावं म्हणून अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मुलाखती देऊन पाहिल्या. ‘तुमचं टर्मिनल सध्या चालू आहे ना?’ असं विचारतात. नाही म्हटलं की चहा मागवतात, आणि मग गप्पा हवापाण्याच्या होतात.

कॉलनीची शाळा बंद पडली, तेव्हा मेधा ओवीला घेऊन पंचवटीत भावाकडे गेली. भांडण नाही. तिचं म्हणणं बरोबरच होतं. ‘तू इथे कशाची वाट बघतोयस ते तरी सांग,’ एवढंच म्हणाली.

बाहेर गेलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटत असेल, की आपलं गाव मागे जागच्या जागी आहे, आपण फक्त लांब आलोय. मलाही तसंच वाटायचं. आता नाशिकला माझ्या नावाचं दार नाही, आणि इथल्या दारांना कुलपं आहेत. रविवारी ओवीचा फोन येतो. तिथल्या मैत्रिणी, नदीकाठचा बाजार, मामाची स्कूटर, सगळं सांगते. तिच्या बोलण्यातला इथला हेल जवळजवळ गेलाय. परवा फोन ठेवता ठेवता तिने अगदी सहज, मायेने विचारलं,

‘बाबा, तुम्ही आमच्याकडे कधी येणार?’