गावाचं खळं

जमिनीचा मोकळा तुकडा दिसला आणि माझ्या सासऱ्यांनी मनातल्या मनात तिथे बाग केली नाही, असं वसईच्या इतिहासात कधी घडलं नसेल. ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मी मुलगी बघायला त्यांच्या गिरीज गावी गेलो, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "तुमच्या घरापुढं मोकळी जागा किती?" इस्टेटीचा अंदाज घेताहेत असं समजून मी ती चांगली फुगवून सांगितली. ते खूश होऊन म्हणाले, "मग गावातल्या पोरांसाठी झोपाळा सहज बसेल!" आमच्या लग्नात पाहुण्यांचं स्वागत सोडून ते मांडवाचं मैदान पावलांनी मापत होते. एकदा तर दफनविधीत फादर प्रार्थना म्हणत असताना माझ्या कानाशी लागले, "सावली बघितलीत? इथं दोन बाकं हवीत." सासूबाईंनी काढलेला चिमटा मला स्पष्ट दिसला.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास स्टेशनालगत इमारती उठू लागल्या. नव्या बिऱ्हाडांची पोरं जिन्यात खेळत आणि शिव्या खात. सासऱ्यांना ते बघवेना. त्या इमारतींच्या मधोमध एकच भातशेत उरलं होतं, खाडीकडच्या एका म्हाताऱ्या काकींचं. काकींची मुलं सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेली आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारी. एक बिल्डर मिठाईचे पुडे घेऊन काकींकडे खेपा घालत होता. सासरे रंगीत पेन्सिलींनी काढलेला बागेचा नकाशा घेऊन गेले, सोबत मला ओढून.

काकींनी नकाशा नीट बघितला. "मास्तर, यात पिकनार काय?"

थाप मारणं सासऱ्यांना कधी जमलं नाही. "काहीच नाही, काकी. हिरवळ. लोक येतील, बसतील."

"नुसते बसतील? माज्या सासऱ्यानं एक कोपरा कदी पडीक ठेवला नाय. लोक काय म्हनतील? त्यापरीस बिल्डर बरा, कायतरी उभं तरी करील!"

सासऱ्यांनी हाय खाल्ली. त्यात घरातली आम्ही सगळी वाडीवाली, बागायतीवर जगणारी माणसं. जमीन रिकामी ठेवायची ही कल्पनाच कुणाला पचेना. सासूबाईंनी नकाशात कडेनं केळी सुचवल्या, चुलत सासऱ्यांनी मधे पानवेली घातल्या, मी उत्साहाच्या भरात वांगी लावली. "मग माणसांनी बसायचं कुठं, वांग्यांवर?" असं ओरडून ते जेवणावरून उठले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

कापणी झाली. काकींनी त्याच शेतात जमीन चोपून, शेणानं सारवून खळं केलं आणि भाताची झोडणी सुरू झाली. सासरे बांधावर बराच वेळ बघत उभे राहिले. मग चपला काढून आत गेले, मीही मागोमाग.

"काकी, या खळ्यात काय पिकतं?"

"येडं झालं का काय, मास्तर? खल्यात कुठं पिकतं? खल्यात समदं येऊन पडतं."

"म्हणजे हे पडीकच की."

"खलं पडीक नसतं!" काकी कडाडल्या आणि हातातली पेंढी तशीच धरून थांबल्या.

"मग गावाला एक खळं द्या, काकी. एवढंच मागतो."

काकी पुन्हा झोडू लागल्या. आम्ही निघालो तेव्हा पाठीमागून आवाज आला, "खल्यावर चपला चालनार नाय, सांगून ठेवते!"

जमीन ग्रामपंचायतीच्या नावावर झाली. फाटकाशी चपलांसाठी जागा आखलेली वसईतली ती एकमेव बाग असावी. पहिल्या संध्याकाळी इमारतींमधली पोरं अनवाणी अशी उधळली की माळ्यानं कपाळाला हात लावला. काकी कडेला बसून बघत होत्या, सासरे त्यांच्याजवळ जाऊन बसले. काकी म्हणाल्या, "भरलं वो खलं, मास्तर."

आता दोघंही नाहीत. मला सासऱ्यांची फार आठवण येते. चपला काढा म्हणणारंही बागेत कुणी उरलेलं नाही, माणसं खुशाल बूट घालून फिरतात. मी मात्र काढतो. बायको तिच्या चपला माझ्या चपलांशेजारी ठेवते आणि अंधार पडेपर्यंत आम्ही हिरवळीवर बसून राहतो.