ज्याचं पोतं त्याचं नाव

पट्टीवाले काका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा बाहेर रांग लागलेली होती, आणि त्यांनी काय करावं, तर चालू कम्प्युटरच बंद केला. मी किंचाळलेच. करडीला माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. धानाची नोंदणी, दाखले, आंगठ्याची कामं. कम्प्युटर सकाळी सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मी बटण दाबलं की लोक चहाला जायचे. म्हणून तर काकांना सिहोऱ्याहून बोलावलं होतं. आणि हा माणूस कम्प्युटर पुन्हा सुरू करून, हात मांडीवर ठेवून, तो उठताना नुसता बघत बसला. माउसला बोट लावलं नाही. फक्त पेरं मोजत राहिला.

"अकरा," शेवटी म्हणाला. "तुह्या आधी अकरा जण उठून कामाले लागतात, पोरी. हे कोण हायेत, मालूम हाये काय तुले?"

मला कुठलं माहीत! त्यांनी यादी उघडून दाखवली. त्यात भंगारात दिलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम होता, कुठल्याशा खेळाचा होता, आणि चार नावं तर मी जन्मात ऐकली नव्हती. बटण दाबताच हे सगळे आपोआप सुरू व्हायचे आणि माझं काम मागे उभं राहायचं. स्वतःच्या घरात अनोळखी माणसं जेवायला बसलेली दिसावीत, तसं मला झालं.

काढायची त्यांची रीत मात्र जीव खाणारी. एक बंद करायचा, कम्प्युटर पुन्हा सुरू करायचा, सगळं चालतं का पाहायचं, मग दुसरा. "एका टायमाले एकच. दोन संगं काढले आन बिघडलं, त् कोणापायी बिघडलं ते कसं समजन?" माझ्यात कुठला एवढा धीर! अर्धं काम उद्यावर ठेवून ते गेले आणि मी उरलेले सगळे एका दमात बंद करून टाकले. दुसऱ्या दिवशी आंगठ्याचं मशीन मेल्यासारखं पडलं. दिवसभर लोक परत पाठवले. संध्याकाळी काका आले, यादी पाहिली आणि एवढंच म्हणाले, "आंगठ्याचाबी त्यातच होता ना वो माय." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांचं नाव पडलं ते पट्टीमुळे. कम्प्युटरमध्ये काही नवीन टाकलं की कॅबिनेटच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावायची आणि त्यावर बॉलपेननं लिहायचं: काय टाकलं, कधी टाकलं, कोणी टाकलं. शेवटी सही. ही सवय राईस मिलमधली. तिथं त्यांनी अर्धं आयुष्य पोत्यांवर नावं घातली होती. मिलमध्ये कम्प्युटर आला, तो चालवणारा बाबू नोकरी सोडून गेला, आणि पोत्यांवर नावं घालणारा माणूस पाहून पाहून शिकला. "ज्याचं पोतं त्याचं नाव," ते म्हणायचे. "बिननावाचं पोतं दिसलं का समजावं, गडबड हाये." माझ्या कॅबिनेटला जखमी माणसासारख्या पट्ट्या चिकटल्या होत्या. लोक हसायचे. मीही हसायची.

मागच्या वर्षी कम्प्युटर विचित्र वागायला लागला. फॉर्म उघडला की शेजारी भलतंच पान उघडायचं, शोधायला जावं एक आणि समोर यायचं दुसरंच. सुरुवातीची यादी मी दर महिन्याला पाहत होते. तिथं सगळं स्वच्छ. काकांना बोलावलं. त्यांनी या वेळी ब्राउझर उघडला आणि त्याला जोडलेल्या एक्स्टेन्शनची, म्हणजे त्या छोट्या छोट्या पुरवण्यांची यादी काढली. एकेकाची परवानगी मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्यावर थांबले. पुन्हा वाचलं.

"सगळ्या पानांवरचा तुमचा सगळा मजकूर वाचणे आणि बदलणे."

ती पुरवणी फोटोचा आकार लहान करायची. म्हणजे गावातला एकूण एक कागद तिच्यातून गेलेला. अख्ख्या गावानं विश्वासानं माझ्यासमोर ठेवलेलं सगळं कोणी परका वाचत होता, आणि कधीपासून, ते देवाला ठाऊक. रांगेत पुढे बसलेली ढिवराची म्हातारी आमच्या तोंडाकडे बघून घाबरली. "माहा आंगठा त् माह्याच जवळ हाये ना जी बापू?" तिनं विचारलं.

"काका, मीच कुठंतरी दाबलं असन जी," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

ते उठले. कॅबिनेट पुढे ओढलं, बाजू उजेडाकडे केली आणि पट्ट्या वाचू लागले. मग खाली जमिनीवरच बसले. मी वाकून पाहिलं. 'फोटो लहान करायले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.' खाली त्यांची सही.

हा माणूस? दुसऱ्यांच्या कम्प्युटरमधली घुसखोरी पेरांवर मोजणारा हा माणूस?

"लावलं तवा साजरं होतं," ते म्हणाले. "मंग पुरवणीचा मालक बदलला असन. पोतं तेच, आतला माल बदलला. पण मी पायलंच नाही वो पोरी. मिलमंधीबी असंच होये. दुसऱ्याच्या पोत्यात बोट घालून पाहो, मिलच्या नावाचं पोतं कोणी खोलेच नाही. आपलंच नाव हाये, त् कायले खोलाचं?"

त्यांच्या पट्टीकडे माझ्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. ते गप्प राहिले असते तर मी जन्मभर स्वतःलाच दोष देत बसले असते. पण ते रांगेकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "हे मी लावलं होतं. ताईची चुकी नाही. सगळ्याईनं आपले पासवर्ड बदला."

तीच पुरवणी त्यांनी आणखी सात ठिकाणी लावली होती. सातही ठिकाणी आम्ही गेलो, ते पुढे त्यांच्या स्कूटरवर, मी मागे माझ्या गाडीवर. प्रत्येक ठिकाणी मला खुर्चीवर बसवायचे, स्वतः मागे उभे राहायचे आणि मालकाला सांगायचे, "मी लावलं होतं, हे पोरगी काढून राहिली." एका दुकानदारानं तर गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाटेल ते ऐकवलं. काका मान खाली घालून ऐकत होते. मला राग आवरेना. बाहेर आल्यावर मी तणतणले, तर म्हणाले, "त्याचं बराबर हाये. त्यानं माह्या नावावर भरोसा केला होता ना!"

त्यानंतर त्यांनी कोणाच्या कम्प्युटरला हात लावला नाही. लोकांनी बोलावलं तरी नाही. चिकटपट्टीचं बंडल आणि बॉलपेन मला आणून दिलं. जाण्याआधी माझ्या कॅबिनेटवर एक नवी पट्टी लावली: 'दर महिन्याले पाहाणे. माह्या नावाचं पहिले.'

यंदा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत काका गेले. सकाळी फोन आला तेव्हा कम्प्युटर सुरू होत होता. फोन कानाला लावून मी पडद्याकडे बघत राहिले आणि माझ्या हातांची पेरं आपोआप मोजली जात होती. मग मी काय करतेय ते एकदम लक्षात आलं आणि मी दुकानातच ओक्साबोक्शी रडले.

पुढच्या महिन्यात पुरवण्यांची यादी उघडली. त्यांच्या नावाची एकच पुरवणी उरली होती, मराठी टाइप करायची. रोज हाताखालची. मनातून मी देवाची करुणा भाकत होते की हिला तरी काही झालेलं नसू दे. पाहते तर ती बंद पडून नवी परवानगी मागत होती. सगळ्या पानांवरचा तुमचा सगळा मजकूर वाचणे आणि बदलणे.

टाइप करायला एवढं कशाला लागतं? वाटलं, परवानगी देऊन टाकावी. काकांच्या हातचं एवढंच तर राहिलं होतं. पण मग पुरवणीच काढून टाकली. पट्टीवर त्यांच्या सहीपुढे लिहिलं, 'काढले', आणि खाली माझं नाव घातलं.

"चालू झाला काय वो ताई?" बाहेरून म्हातारीनं विचारलं.

"झाला, आजी," मी म्हणाले. "या, आंगठा ठेवा."